जड पाणी आणि घरातली यंत्रे

पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार जास्त विरघळलेले असले, की त्या पाण्याला जड किंवा दुष्फेन पाणी म्हणतात. दिसायला ते स्वच्छच असते. ते गाळून किंवा त्यात तुरटी फिरवून काही उपयोग होत नाही, कारण गाळ खाली बसतो, पण विरघळलेले क्षार पाण्यातच राहतात. साबणाला फेस न येणे, तूरडाळ लवकर न शिजणे आणि स्टीलच्या भांड्यांवर वाळल्यावर पांढरे डाग उमटणे ही त्याची रोजच्या व्यवहारातली लक्षणे आहेत.

पुण्यात मऊ आणि जड ही दोन्ही पाणी थोड्या अंतरावर सापडतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस साठतो. तो ओढ्यांतून भराभर वाहून येतो, त्यामुळे खडकाशी त्याचा संबंध थोडाच वेळ येतो आणि पाणी मऊ राहते. शहराच्या कडेला वाघोलीसारख्या भागांत मात्र अनेक सोसायट्यांची भिस्त बोअर आणि टँकरवर राहिली आहे. जमिनीत झिरपणारा पाऊस मातीतला कार्बन डायऑक्साइड शोषून किंचित आम्लधर्मी होतो. मग तो काळ्या पाषाणातली खनिजे आणि काळ्या मातीतली चुनखडी हळूहळू विरघळवत खाली उतरतो. मराठवाड्यातल्या आणि सोलापूर-नगरकडच्या बोअरच्या पाण्यातही क्षार येतात ते याच वाटेने.

पाण्याचा जडपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबाने, लिटरमागे मिलिग्रॅममध्ये मोजतात. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात तो २०० पर्यंत असावा. दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतो. जागतिक आरोग्य संघटनेने जडपणासाठी आरोग्याच्या कारणावरून कोणतीही मर्यादा ठरवलेली नाही. म्हणजे या पाण्याचा खरा उपद्रव शरीरापेक्षा यंत्रांना होतो. ४०० मिलिग्रॅम जडपणाच्या पाण्याने भरलेल्या हजार लिटरच्या टाकीत सुमारे ४०० ग्रॅम चुनखडीइतके क्षार असतात. त्यातले बहुतेक पाण्याबरोबर वाहून जातात. पाणी तापते किंवा वाळते तिथे मात्र ते मागे राहतात.

तापण्याचा परिणाम विशेष आहे. मीठ-साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, कॅल्शियम कार्बोनेटचे याच्या उलट असते. पाणी तापले की त्यातल्या बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्बोनेटचा कठीण थर सगळ्यात गरम पृष्ठभागावर धरतो. साठ अंशांच्या वर हा वेग बराच वाढतो.

विजेच्या गीझरमध्ये हा थर थेट कॉइलवर बसतो. धातूच्या मानाने तो उष्णता फारच कमी वाहू देतो. त्यामुळे कॉइलची उष्णता पाण्यात जायला अडथळा होतो, ती आतल्या आत जास्त तापते आणि शेवटी जळते. सुटलेल्या खपल्या टाकीच्या तळाशी साचतात, आणि पाणी तापताना गीझरमधून येणारा कडकड आवाज बहुधा त्यांचाच असतो. गॅस गीझरमध्ये तांब्याची अरुंद नळी आतून चोंदते आणि गरम पाण्याची धार बारीक होते. सोलर हीटरच्या काचनळ्यांतही असाच थर साचतो.

वॉशिंग मशिनमध्ये दुहेरी नुकसान होते. क्षार साबणाशी संयोग पावून चिकट साका तयार करतात, त्यामुळे कपडे कडक आणि मळकट दिसतात आणि पावडर जास्त लागते. आत हीटर असलेल्या फ्रंट लोड मशिनमध्ये त्या हीटरवर शिवाय थर चढतो. कूलरमध्ये पाणी न तापताही हाच प्रकार घडतो. हवेत उडते ते निव्वळ पाणी. क्षार टाकीत दिवसेंदिवस दाट होत जातात आणि पॅड दगडासारखे होतात. आरओच्या पडद्यातून शुद्ध पाणी पुढे जाते आणि क्षार अलीकडच्या बाजूला साठून पडदा चोंदतो. आरओतून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्याहून जड असते. ते फरशी पुसायला चालते. मशिनमध्ये किंवा कूलरमध्ये ओतू नये. वाफेच्या इस्त्रीत आणि इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर वापरतात, तेही याच कारणाने.

उपाय करण्याआधी पाणी तपासून घ्यावे. त्यासाठी टीडीएस मीटर पुरेसा नाही, कारण तो सगळ्या क्षारांचा एकत्र अंदाज देतो आणि त्यात साधे मीठही मोजले जाते. जडपणा तपासण्याचे वेगळे किट बाजारात मिळते. प्रयोगशाळेतही ही चाचणी होते.

गीझर ५० ते ५५ अंशांवर ठेवला तर थर सावकाश धरतो. साचलेला थर सायट्रिक ॲसिड किंवा व्हिनेगरने निघतो. संडास साफ करायचे ॲसिड स्टेनलेस स्टील खाते, आणि कोणतेही आम्ल ब्लीचमध्ये मिसळले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. कूलरची टाकी दर काही दिवसांनी पूर्ण रिकामी करावी. गीझर आणि सोलरची वर्षातून एकदा सफाई करून घ्यावी.

जडपणा फार असेल तर सॉफ्टनर लागतो. त्यातले रेझिनचे बारीक मणी कॅल्शियम-मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या पाण्याने धुऊन पुन्हा वापरात येतात. दर १०० मिलिग्रॅम जडपणा काढताना पाण्यात लिटरमागे सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. म्हणून मीठ कमी खायला सांगितलेल्या माणसांनी ते पाणी पिऊ नये. स्वयंपाकघराची जोडणी सॉफ्टनरच्या आधी घेणे सोयीचे. बागेला, फ्लशला आणि फरशीला मऊ पाण्याची गरज नसते. गीझर आणि मशिनकडे जाणारी तेवढीच लाइन मऊ केली, तर सॉफ्टनर लहान पुरतो आणि मीठही कमी लागते. पावसाळ्यात छतावरून स्वच्छ साठवलेले पाणी या कामासाठी जवळजवळ क्षारमुक्त असते.