चिनी वैद्यक : ओंजळभर पाल्याची गोष्ट

मी दहावीत असताना वडिलांना हिवतापाने गाठले. आमच्या गडचिरोली भागात हे नवे नाही. आरोग्य केंद्रात रक्त तपासले, गोळ्या मिळाल्या आणि आठवड्याभरात वडील पुन्हा धानाच्या बांधीत उतरले. त्या गोळ्यांतल्या एका औषधाचे मूळ एका जुन्या चिनी ग्रंथात आहे, हे मला गेल्या वर्षी आपल्या ग्रंथालयात बसलो असताना कळले. त्या कुतूहलापोटी जे वाचले, त्यातले थोडे येथे सांगतो.

'ह्वांगदी नेइजिंग' हा चिनी वैद्यकाचा आद्य ग्रंथ. तो इ. स. पूर्व दुसऱ्या-पहिल्या शतकांत संकलित झाला असावा, असे मानतात. सम्राट प्रश्न विचारतो आणि वैद्य उत्तरे देतो, अशी त्याची रचना आहे. शरीरात 'ची' ही प्राणशक्ती वाहते आणि यिन व यांग या परस्परविरोधी, तरीही परस्परपूरक तत्त्वांचा तोल ढळला की रोग होतो, ही त्यातील मूळ कल्पना. नाडीपरीक्षा, सुया टोचणे, काढे, शेक हे सारे तो तोल सावरण्यासाठी. ही कल्पना वैद्याच्या उंबऱ्याआड राहिली नाही. कोणता पदार्थ उष्ण आणि कोणता थंड, हा विचार चिनी घरांत स्वयंपाक करतानाही होतो. आमची आजी पपईला उष्ण आणि ताकाला थंड म्हणते, त्यातलाच हा प्रकार.

मला सर्वांत आवडला तो ली शिझेन (१५१८–१५९३). हा वैद्याचा मुलगा सरकारी परीक्षेत तीनदा नापास झाला. (आमच्यापैकी काहींना धीर यावा म्हणून हे मुद्दाम नमूद करतो!) मग तो वडिलांच्याच व्यवसायाकडे वळला. जुन्या ग्रंथांतल्या चुका त्याला खुपत होत्या. शेतकरी, कोळी, शिकारी, लाकूडतोडे यांना विचारून, स्वतः वनस्पती पाहून त्याने सुमारे २७ वर्षे खपून 'बेनत्साव गांगमू' लिहिला. त्यात १८९२ औषधद्रव्यांची माहिती आहे. पारा खाऊन अमर होता येते, या समजुतीवर त्याने कडक टीका केली. ग्रंथ छापून बाहेर पडला १५९६ साली. तेव्हा तो हयात नव्हता.

पुढे पाश्चात्त्य वैद्यक आले आणि वाद पेटला. विख्यात लेखक लू शून यांच्या वडिलांच्या आजारात वैद्यांनी औषधाबरोबर रातकिड्यांची जोडी मागितली होती, तीही मूळचीच जोडी हवी! वडील वाचले नाहीत. लू शून यांचा या वैद्यकावरचा विश्वास उडाला आणि ते आधुनिक वैद्यक शिकायला जपानला गेले. १९२९ मध्ये जुने वैद्यक बंद करण्याचा सरकारी ठराव आला, तेव्हा मात्र शांघायमध्ये वैद्यांनी एकत्र येऊन विरोध केला आणि तो अमलात आला नाही. मला दोन्ही बाजू पटतात. ज्याचा बाप गेला त्याला तोलाचे तत्त्वज्ञान काय सांगावे? आणि शहाणपणाच्या भरात सारी पोथीच जाळली असती, तर माझ्या वडिलांच्या गोळीचे काय झाले असते?

कारण ती गोळी अशी सापडली. व्हिएतनाम युद्धात सैनिक हिवतापाने खचत होते, म्हणून १९६७ मध्ये चीनने गुप्त संशोधन सुरू केले. त्यात पुढे सामील झालेल्या यूयू तू यांनी जुने ग्रंथ चाळून दोन हजारांहून अधिक नुस्खे जमवले. 'चिंगहाव' ही आपल्या दवण्याच्या कुळातली वनस्पती आशा दाखवी, पण गुण टिकत नसे. तेव्हा चौथ्या शतकातल्या गे होंग याच्या ग्रंथातली एक कृती त्यांच्या लक्षात आली: ओंजळभर पाला पाण्यात भिजवा, पिळा आणि रस प्या. उकळा, असे त्यात कुठेच नव्हते! उष्णतेने गुण जात असावा, हे ताडून त्यांनी कमी तापमानाला उकळणारे ईथर वापरले आणि अर्क लागू पडला. रुग्णांना देण्याआधी १९७२ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, तेव्हाही त्यांच्या नावावर डॉक्टरेट नव्हती.

दिवाळीच्या सुट्टीत मी ही हकीकत वडिलांना सांगितली. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तो पाला आपल्या रानात मिळते का रे?"