बोगदा आणि तिकीट

मोठे काम हाती घेताना दोन वृत्ती एकमेकींशी भांडत असतात. एक म्हणते, आधी सर्व काही कागदावर ठरवा, मंजुरी घ्या, मगच कुदळ मारा. दुसरी म्हणते, थोडे करा, लोकांच्या हाती द्या, उणे काय ते पाहा आणि पुढे सरका. पहिली आम्हां सरकारी माणसांच्या अंगवळणी पडलेली. दुसरीला संगणकाच्या आज्ञावली रचणाऱ्या सतरा जणांनी २००१ साली अमेरिकेत जाहीरनाम्याचे रूप दिले आणि ‘अ‍ॅजाइल’ हे नाव जगभर रूढ झाले.

या दोहोंचा मेळ पाहायचा असेल तर दिल्लीची मेट्रो पाहावी. तिचे बांधकाम ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. प्रमुख होते ई. श्रीधरन, कोकण रेल्वेमुळे आपल्या परिचयाचे. चावडी बाजाराच्या दाट वस्तीखालून बोगदा न्यायचा, तर मध्येच मत बदलून कसे चालेल? खणलेल्या बोगद्याला खोडरबर लागत नाही. तेथे आराखडा पक्काच हवा आणि मुदतही. कामाच्या जागी उरलेले दिवस दाखविणारी उलटी घड्याळे लावलेली असत.

परंतु पहिल्या टप्प्याचे सुमारे ६५ किलोमीटर पुरे होईपर्यंत दारे बंद ठेवली नाहीत. २५ डिसेंबर २००२ रोजी शाहदरा ते तीस हजारी हा जेमतेम आठ किलोमीटरांचा तुकडा खुला झाला. लोकांची एवढी झुंबड उडाली की नव्या यांत्रिक तिकिटांच्या जोडीला कागदी तिकिटे काढावी लागली. गर्दीचा हा धडा कोणत्या अहवालात मिळाला असता? पुढचे तुकडे एकामागून एक जोडले गेले आणि २००५ अखेर तो टप्पा मुदतीच्या बराच आधी संपला.

तेव्हा खरा प्रश्न, काय आधी बांधून टाकावे आणि काय मोकळे ठेवावे, हा आहे. रुळांच्या रुंदीचेच पाहा. श्रीधरन यांना १४३५ मिलिमीटरांचा जागतिक मापाचा रूळ हवा होता. रेल्वे मंत्रालयाने १६७६ मिलिमीटरांच्या रुंद मापाचा आग्रह धरला आणि पहिला टप्पा त्याच मापावर झाला. पुढे नव्या मार्गिकांसाठी मत बदलले. घातलेले रूळ मात्र बदलणे शक्य नव्हते. काश्मिरी गेट स्थानकात आज तांबडी व पिवळी मार्गिका रुंद रुळांवर धावतात, जांभळी अरुंद रुळांवर. गाडी एकीवरून दुसरीवर जाऊ शकत नाही; जिना प्रवाशालाच चढावा लागतो.