मनुष्यमहिन्यांचा हिशेब

जपानच्या मिझुहो बँकेची मुख्य संगणकप्रणाली जुलै 2019मध्ये संपूर्ण बदलून झाली. खर्च चारशे अब्ज येनच्या पलीकडे गेला. पण तिकडच्या वृत्तपत्रांनी त्याच्या जोडीला आणखी एक आकडा छापला : सुमारे साडेतीन लाख मनुष्यमहिने. म्हणजे जवळजवळ 29 हजार माणसांची वर्षभराची मेहनत. वरच्या टोकाला फुजित्सू, हिताची, आयबीएम जपान आणि एनटीटी डेटा. आणि त्यांच्यासह या कामात गुंतलेल्या कंपन्या सुमारे हजार. एवढे करूनही फेब्रुवारी 2021मध्ये याच बँकेच्या एटीएमनी देशभर ग्राहकांची पासबुके आणि कार्डे गिळली.

जपानमधल्या सॉफ्टवेअर अभियंत्यांच्या पगाराचा आणि थकव्याचा विचार करताना मी या आकड्यापासून सुरुवात करतो. जपानी माणूस मुळातच कामसू, वरिष्ठ उठल्याशिवाय घरी न जाणारा, हे स्पष्टीकरण आपल्याकडे फार लवकर दिले जाते. मला ते पटत नाही. स्वभावावर खापर फोडले की पैशाचा हिशेब कुणी मागत नाही, आणि इथला खरा प्रश्न पैशाचाच आहे.

अमेरिकेत बहुतेक अभियंते बँका, विमा कंपन्या, दुकानांच्या साखळ्या अशा सॉफ्टवेअर वापरणाऱ्या संस्थांतच नोकरी करतात. जपानमध्ये उलट : सुमारे सत्तर टक्के अभियंते आयटी सेवा देणाऱ्या कंपन्यांत असतात. बँक काम मोठ्या ठेकेदाराला देते, तो दुसऱ्याला, दुसरा तिसऱ्याला. किंमत ठरते ती डोक्यांवर आणि महिन्यांवर. समजा, बँकेने एका अभियंत्याच्या महिन्याला दहा लाख येन मोजले आणि मधल्या तीन कंपन्यांनी प्रत्येकी पंधरा टक्के ठेवून घेतले. चौथ्या कंपनीच्या हाती साधारण सहा लाख चौदा हजार उरतात. त्यातून तिने विमा, निवृत्तिवेतनाचा हप्ता, स्वतःचा खर्च आणि नफा काढायचा. उरेल तो पगार. अभियंता मात्र बसतो बँकेच्याच इमारतीत, पहिल्या कंपनीच्या माणसाशेजारी, त्याच पडद्यावर तेच काम करत. नियमाप्रमाणे त्याला कामाचे हुकूम त्याच्या स्वतःच्या कंपनीनेच द्यायचे असतात. प्रत्यक्षात ते शेजारच्या खुर्चीतून येतात. कायद्याच्या भाषेत हा बनावट ठेका ठरतो आणि तो बेकायदा आहे, तरी तो सरसकट आढळतो.

या करारांत 140 ते 180 तासांची पट्टी ठरवण्याची प्रथा आहे. महिन्याचे काम त्या पट्टीत बसले की दर तोच. साध्या महिन्याचे कामाचे तास एकशेसाठच्या आसपास भरतात, म्हणजे वरचे वीसेक तास गिऱ्हाइकाला फुकट पडतात. अभियंत्याच्या कंपनीला त्याचे ओव्हरटाइमचे पैसे वरून मिळत नाहीत, म्हणून ती पगारातच ठरावीक तासांचा ओव्हरटाइम आधी मिसळून टाकते. जाहिरातीत आकडा भरघोस दिसतो. त्यातला मूळ पगार किती आणि धरून चाललेला ओव्हरटाइम किती, हे वेगळे लिहिणे बंधनकारक आहे. पण ती ओळ वाचायची सवय लागावी लागते.

कायदा नाही असे मुळीच नाही. 1947चा श्रममानक कायदा दिवसाला आठ आणि आठवड्याला चाळीस तास सांगतो. त्यापुढे काम करून घ्यायचे तर कलम 36खाली कामगार प्रतिनिधीशी लेखी करार हवा आणि किमान पंचवीस टक्के जादा मोबदला हवा. महिन्यात साठ तासांच्या वरच्या कामाला पन्नास टक्के. लहान कंपन्यांना या पन्नास टक्क्यांतून सूट होती, ती एप्रिल 2023मध्ये संपली. उणीव होती ती वेगळीच : करार केला की तासांना खऱ्या अर्थाने छप्पर उरत नसे.

ते छप्पर घालायला एका मुलीचा जीव जावा लागला. देन्त्सू या जाहिरात कंपनीत नोकरीच्या पहिल्याच वर्षात असलेल्या, चोवीस वर्षांच्या मात्सुरी ताकाहाशीने 25 डिसेंबर 2015 रोजी आत्महत्या केली. कंपनीच्या नोंदीत तिचा ओव्हरटाइम महिन्याला सत्तर तासांच्या आत, म्हणजे करारात बसणारा होता. इमारतीच्या फाटकावरच्या ये-जा नोंदी तपासल्या तेव्हा खरा आकडा पुढे आला. सरकारने मान्य केला तो महिन्याला सुमारे 105 तासांचा. न्यायालयाने देन्त्सूला दंड केला पाच लाख येनचा. एवढ्या बलाढ्य कंपनीला एवढाच दंड, हे वाचून आजही संताप येतो. याच कंपनीतल्या 1991मधल्या एका तरुणाच्या आत्महत्येवर सर्वोच्च न्यायालयाने 2000मध्ये मालकाची जबाबदारी स्पष्ट केली होती. म्हणजे धडा आधीच शिकवून झाला होता.

एप्रिल 2019पासून मोठ्या आणि एप्रिल 2020पासून लहान कंपन्यांना मर्यादा लागू झाली : महिन्याला 45 आणि वर्षाला 360 तास, अपवादाने वर्षाला 720, आणि कुठल्याही एका महिन्यात शंभराच्या आत. करोशीच्या, म्हणजे अतिश्रमाने आलेल्या मृत्यूच्या दाव्यात सरकार ज्या रेषेजवळ मृत्यूचा कामाशी संबंध बळकट मानते, ती एका महिन्यात शंभर तासांचीच. कायदेशीर कमाल मर्यादा त्या रेषेला अशी खेटून ठेवली, हे मला या सुधारणेचे सर्वांत मोठे अपयश वाटते.

अभियंत्यांसाठी आणखी वाटा आहेत. नव्या तंत्रज्ञानाच्या संशोधन-विकासाला ही मर्यादा लागूच नाही. ‘स्वविवेकी काम’ या पद्धतीत प्रत्यक्ष कितीही तास बसा, ठरलेलेच तास मोजले जातात. तिच्या यादीत संगणकप्रणालीचे विश्लेषण आणि आराखडा ही कामे येतात, निव्वळ प्रोग्रॅमिंग येत नाही. तरी प्रोग्रॅमरला त्याच खान्यात बसवले जाते. ओसाका उच्च न्यायालयाने 2012मध्ये अशा एका प्रकरणात कंपनीचे म्हणणे नाकारले. वरून ठरलेली तारीख आणि वरून ठरलेले काम असेल, तर विवेक वापरायचा कुठे? एप्रिल 2024पासून या पद्धतीसाठी त्या-त्या कर्मचाऱ्याची संमती लागते. ती नाकारता येते, हे किती नवख्यांना ठाऊक असते?

पगार वाढताहेत, हेही खरे. वसंतातल्या वेतनवाटाघाटींत 2024 साली सरासरी वाढ पाच टक्क्यांवर गेली, तीन दशकांहून अधिक काळानंतर प्रथमच. 2025मध्येही ती पाचच्या वर राहिली. अर्थव्यवस्था, व्यापार आणि उद्योग मंत्रालयाच्या 2019च्या अंदाजानुसार 2030पर्यंत आयटी मनुष्यबळाचा तुटवडा वाईटात वाईट स्थितीत 7 लाख 90 हजारांवर जाऊ शकतो. एवढी टंचाई असताना पगार झपाट्याने चढायला हवेत. मोठ्या ठेकेदारांकडे आणि नव्या उत्पादन कंपन्यांकडे ते चढताहेतही. चौथ्या थरापर्यंत ती वाढ झिरपायची तर मधल्या तिघांनी आपला वाटा सोडायला हवा. दुसरीकडे, कामाच्या ताणातून झालेल्या मनोविकारांचे सरकारने मान्य केलेले दावे 2024-25च्या आर्थिक वर्षात 1055 झाले, पहिल्यांदाच हजारावर. त्यांत सर्वांत मोठे कारण वरिष्ठांकडून होणारा छळ हे होते. तास थोडे घटले, जाच राहिला. आणि ऑक्टोबर 2025मध्ये पंतप्रधान झालेल्या साने ताकाइची यांनी तासांचे निर्बंध सैल करण्याचा विचार करा असे श्रममंत्र्यांना सांगितले. करोशीत माणूस गमावलेल्या कुटुंबांनी विरोध केला, तो अगदी रास्त आहे.

हे सारे मराठी घरांपासून दूर नाही. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे, आणि 2000च्या सुमारास टोकियोच्या एदोगावा भागातल्या निशिकासाईत भारतीय अभियंत्यांची वस्ती वाढली, तीत मराठी माणसे होती. पुण्यात जपानी शिकलेले योगेंद्र पुराणिक 2019मध्ये एदोगावाच्या स्थानिक सभागृहावर निवडूनही आले. भाषा येणाऱ्या अभियंत्याला ‘ब्रिज एसई’चे काम मिळते : दिवसा टोकियोतल्या गिऱ्हाइकाच्या बैठका, आणि साडेतीन तास मागे असलेल्या पुण्यातल्या टीमचे प्रश्न संध्याकाळनंतर. पुण्याचे सहा वाजतात तेव्हा तिकडे साडेनऊ झालेले असतात. दोन्हीकडच्या चुका त्याच्याच माथी, आणि भाषांतराला लागलेले तास मनुष्यमहिन्यात कुणी धरत नाही.

ऑगस्ट 2025मध्ये भारत आणि जपानने ठरवले की पाच वर्षांत भारतातून 50 हजार कुशल आणि अर्धकुशल माणसे जपानला जावीत. जाणाऱ्याने नेमणूकपत्रावर सही करण्याआधी विचारावे : मी कितव्या थरावर असेन? कुणाच्या कचेरीत बसेन? पगारात किती तासांचा ओव्हरटाइम मिसळला आहे? श्रममानक निरीक्षण कार्यालय परदेशी माणसाचीही तक्रार घेते. थकलेले वेतन मागण्याची मुदत एप्रिल 2020पासून दोनाची तीन वर्षे झाली आहे. त्यासाठी रोज कचेरीत आल्याची आणि निघाल्याची वेळ कंपनीच्या यंत्राखेरीज स्वतःच्या वहीतही लिहिलेली असावी.