उपनगर आणि कलेची प्रेरणा



'उपनगर' म्हटले की आपल्या मनात गौणत्वाची भावना येते. नगर ते खरे, उपनगर ही त्याची पुरवणी! परंतु 'उप' या उपसर्गाचा मूळ अर्थ 'जवळ' असा आहे. 'उपनिषद' या शब्दात गुरूजवळ बसणे अभिप्रेत आहे. उपनगरातील कलाप्रेरणेचे मर्म मला या जवळिकीतच दिसते.

आपल्या ग्वाल्हेरचेच पाहा. जुने गाव किल्ल्याच्या पायथ्याशी, पूर्वेस मुरारची छावणी आणि दक्षिणेस लष्कर. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांचा तळ येथे स्थिरावला. आज ज्याला आपण शहराचा गाभा मानतो, ते लष्कर म्हणजे जुन्या गावाबाहेर पडलेली वसाहतच होय.

या वसाहतीत दूरदूरची माणसे शेजारी झाली. दरबारी गवई निसार हुसेन खाँ हे शंकरराव पंडितांच्या घरी राहिले. ख्यालाची विद्या अशी एका मराठी ब्राह्मण घरात रुजली. शंकररावांचे पुत्र कृष्णराव (१८९३–१९८९) यांनी १९१४ साली गांधर्व महाविद्यालय काढून ती सर्वांना खुली केली. राजकवी भास्कर रामचंद्र तांबे आपल्या कवितांसोबत राग, ताल आणि ठिकाणही नोंदवीत. अनेक कवितांखाली 'लष्कर, ग्वाल्हेर' असे ठिकाण आढळते. घरातील पतिपत्नी, मुलेबाळे आणि गाणे यांचा मिलाफ त्यांच्या काव्यात झाला, यात या परिसराचा वाटा मोठा आहे, असे मला वाटते.

हे केवळ संस्थानी वैभवाचे फळ म्हणावे, तर मुंबईचे उदाहरण घ्या. तेथे राजाश्रय नव्हता. पु. ल. देशपांडे यांचे बालपण जोगेश्वरी व पार्ले या उपनगरांत गेले. १९२१ मध्ये स्थापन झालेल्या पार्ले टिळक विद्यालयात ते शिकले. शाळा, व्याख्याने, गाण्याच्या बैठका आणि एकमेकांना नावानिशी ओळखणारी माणसे, एवढ्या भांडवलावर त्यांची दृष्टी घडली.

निवृत्तीनंतर लष्करातील वाडा सोडून मी गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत आलो, तेव्हा 'येथे कसली कला!' अशी माझी तक्रार होती. दारे बंद, मराठी शब्द कानी पडणे दुर्मीळ. पुढे शेजारच्या सिंधी कुटुंबातील मुलगी माझ्या पत्नीकडे अभंग शिकू लागली. तिच्या उच्चारांत चुका होत. परंतु तिच्या स्वरांनी आमची ओसरी जागी झाली. तेव्हा उमगले की, उणीव वसाहतीत नव्हती. माझेच दार लावलेले होते.

२०२३ मध्ये युनेस्कोने ग्वाल्हेरला संगीतनगरी म्हणून मान दिला. तो मान टिकेल तो सभागृहांत नव्हे, घराघरांच्या ओसरीवर. या शाळेचे माजी विद्यार्थी आज अशाच वसाहतींत विखुरलेले आहेत. त्यांना माझी एवढीच विनंती आहे : सायंकाळी घटकाभर दार उघडे ठेवा.