चौथ्याच्या पुढे

जुन्या जीपच्या इंजिनाचा पीळ चाकापर्यंत पोचेस्तोवर ३७ पट होतो. ऐकायला थाप वाटते, पण हिशेब फक्त तीन गुणाकारांचा आहे. महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेली सीजे थ्री-बी घ्या, मूळची विलीज घराण्यातली. तिच्या तीन गिअरच्या गिअरबॉक्समध्ये पहिल्याचं गुणोत्तर २.७९८. त्याच्या पाठीला चिकटलेल्या ट्रान्स्फर केसमध्ये ‘लो’ टाकला की आणखी २.४६ पट. शेवटी ॲक्सलमधलं डिफरन्शियल, ५.३८ पट. गुणा आणि पाहा: ३७. इंजिन जेमतेम २.२ लिटरचं. तेच इंजिन माणसांनी आणि भाजीच्या जाळ्यांनी भरलेली गाडी चिखलातून उपसून काढतं, ते या लोखंडी पाढ्यांच्या जोरावर. फुकट मात्र काहीच मिळत नाही. पीळ ३७ पट वाढला, तर चाकाचा वेग ३७ पटीने घटतो. गाडी माणसाच्या चालीने चालते, पण थांबत नाही.

नाशिकच्या पंचवटीत हे वेगळं सांगायची गरज नसावी. इथून निघणारा पेठ रोड थोड्याच वेळात डोंगरांत शिरतो. सावळ घाट, कोटंबी घाट हे त्याच वाटेवरचे. या रस्त्याने जीप पाहिली ती चढणारी, कण्हणारी, पण चढणारी. आणि दुसऱ्या अंगाला आडगाव नाक्यावरून सुटणारा महामार्ग, ओझर-पिंपळगावकडे जाणारा सपाट आणि सरळ. घाटात शूर असलेली तीच जीप इथे केविलवाणी होते. ८० च्या वेगाला इंजिन किंचाळायला लागतं आणि मागून येणारा ट्रकवाला हॉर्न देतो.

का किंचाळतं, तेही मोजता येतं. सोळा इंची रिमचा जुना टायर एका फेऱ्यात साधारण २.२३ मीटर जातो. ताशी ८० म्हणजे मिनिटाला १३३३ मीटर, म्हणजे चाकाचे सुमारे ५९८ फेरे. त्याला ५.३८ ने गुणलं की वरच्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे होतात मिनिटाला ३२००च्या वर. जुन्या इंजिनाला हे म्हणजे सतत पळत राहणं. आता कल्पना करा, गिअरबॉक्समध्ये आणखी एक गिअर आहे आणि त्याचं गुणोत्तर एकाहून कमी आहे, समजा ०.८. वेग तोच, ८०. इंजिनाचे फेरे मात्र २५७० च्या आसपास. मिनिटाला साडेसहाशे फेरे वाचले, म्हणजे तितके धक्के, तितका आवाज वाचला.

या एका गिअरसाठी जीपवेडे लोक घरच्या अंगणात अख्खा गिअरबॉक्स बदलतात.

नाशिकमध्ये हे वेड रुजायला कारणही आहे. सातपूरला महिंद्राचा कारखाना. बोलेरो तिथली, आणि २००२ साली आलेली स्कॉर्पिओही तिथलीच. एमएम ५४० सारख्या जीपमध्ये चार गिअरचा केएमटी ९० नावाचा गिअरबॉक्स असायचा. बोलेरोत आणि पुढे थारमध्ये पाच गिअरचा एनजीटी आला. गॅरेजवाले त्याला नुसतं ‘एनजीटी’ म्हणतात, जणू घरातला पोरगा. अपघातात गेलेल्या, भंगारात निघालेल्या बोलेरो गावोगावी आहेत, त्यामुळे वापरलेला एनजीटी शोधणाऱ्याला मिळतो. शिवाय जीप आणि बोलेरो एकाच घराण्यातल्या, दोघींचीही शिडीच्या आकाराची चासी, इंजिन पुढे आणि ओढ मागच्या चाकांना. हल्लीच्या छोट्या गाडीत इंजिन आडवं असतं आणि गिअरबॉक्स त्याच्या कुशीत कोंबलेला असतो. तो काढायचा तर इंजिनाला वरून टांगावं लागतं. जीपमध्ये तो सरळ पोटाखाली लोंबतो, आणि आतून पत्र्याचं झाकण उघडलं की वरूनही हात जातो.

आता जरा त्याच्या आत डोकावू, कारण खरं नवल तिथे आहे.

आपल्याला वाटतं, गिअर टाकला की दांड्याने आतला एक गिअर सरकवून दुसऱ्याला भिडवला. सुरुवातीला तसंच होतं. १८९० च्या दशकात पॅरिसच्या पानार-लेव्हासोर कंपनीने सरकत्या गिअरांचा गिअरबॉक्स गाडीला लावला; फिरती चक्रं एकमेकांवर आपटायची, दात झिजायचे, आणि चालकाला कान देऊन, क्लच दोनदा दाबून वेग जुळवावा लागायचा. जुन्या एसटीच्या चालकांची ती ‘डबल क्लच’ची लय ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही कला ठाऊक आहे. आजच्या गिअरबॉक्समध्ये मात्र पुढे जाण्याचे सगळे गिअर कायम एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला, दुसरा, तिसरा, सगळ्या जोड्या एकाच वेळी फिरत असतात, आपापल्या वेगाने. मुख्य शाफ्टवरचे गिअर त्याच्यावर मोकळे गरगरतात, त्याला धरत नाहीत. तुम्ही दांडा हलवता तेव्हा गिअर जागचा हलत नाही. हलते ती मधली एक कडी, जी त्या मोकळ्या गिअरला शाफ्टशी कुलूपबंद करते. (रिव्हर्सचा गिअर पुष्कळदा अजूनही जुन्या पद्धतीने सरकतो आणि त्याचे दात सरळ असतात. रिव्हर्समध्ये गाडी रडल्यासारखा आवाज करते तो म्हणूनच.)

पण फिरत्या शाफ्टवरच्या कडीने वेगळ्याच वेगाने फिरणाऱ्या गिअरचे दात पकडायचे कसे? धावती एसटी पकडताना आपण जे करतो तेच. आधी तिच्याबरोबर धावायचं, वेग सारखा झाला की मग दांडा धरायचा. गिअरबॉक्समध्ये हे काम करते पितळेसारख्या धातूची एक शंकूच्या आकाराची रिंग. कडी पुढे सरकली की आधी ही रिंग गिअरच्या शंकूवर घासते, घर्षणाने दोघांचा वेग एक करते, आणि वेग जुळेपर्यंत आपल्या दातांनी कडीची वाट अडवून ठेवते. जुळला की वाट मोकळी. हे सगळं पापणी लवायच्या आत. याला सिंक्रोमेश म्हणतात. अर्ल थॉम्पसन या अमेरिकी अभियंत्याच्या कल्पनेतून ते १९२८ साली कॅडिलॅक गाड्यांमध्ये आलं. थ्री-बीच्या गिअरबॉक्समध्ये दुसऱ्या-तिसऱ्याला ते होतं, पहिल्याला नव्हतं. त्यामुळे चालत्या गाडीत पहिला टाकताना ती करकर ऐकू यायची.

आणखी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त मोहवते. चार गिअरच्या जुन्या गिअरबॉक्समध्ये चौथा गिअर म्हणजे खरं तर गिअर नसणं. इंजिनाकडून येणारा शाफ्ट आणि मागे जाणारा शाफ्ट सरळ एकमेकांत अडकवले जातात, एकास एक. चक्रं फिरतात, पण रिकामी. भार कोणावरच नाही. पाचव्यात मात्र जोर पुन्हा दोन जोड्यांमधून वळसा घेतो आणि बाहेर पडणारा शाफ्ट इंजिनापेक्षा जोरात फिरायला लागतो. वळशात थोडी शक्ती दातांच्या घर्षणात जाते. तरी इंजिन शांत झाल्याने एकूण सौदा फायद्याचा ठरतो, सपाट रस्त्यावर. घाटात पाचवा शोभेचा. ज्यांची जीप फक्त पेठ-हरसूलच्या वाटेने धावते, त्यांनी हा खटाटोप करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

करायचाच तर घरी होतो. हिरावाडी-मखमलाबाद भागातल्या बंगल्याच्या पार्किंगमध्ये, पक्क्या फरशीवर. बॅटरीची तार काढायची, चाकांना पुढून-मागून उटी लावायची, गाडी जॅकने उचलून चासीखाली भक्कम स्टँड द्यायचे. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही जायचं नाही, विटांवर तर नाहीच. इथे हुशारी चालत नाही. मग प्रोपेलर शाफ्ट सोडायचे, क्लच आणि गिअरचे दांडे, स्पीडोमीटरची केबल, खालचा आडवा मेंबर. तेल आधी काढलेलं बरं. ट्रान्स्फर केससकट हा गोळा दोघांनाही जड होतो, त्यामुळे तो चेन पुलीवर किंवा ट्रॉली जॅकवर घेऊनच मागे सरकवायचा.

उतरवणं सोपं. कस लागतो चढवताना. गिअरबॉक्सच्या तोंडातून पुढे आलेला शाफ्ट आधी क्लच प्लेटच्या खाचांमधून जातो आणि मग त्याचं टोक इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या शेवटी बसवलेल्या एका छोट्या बुशमध्ये शिरतं. त्या बुशला पायलट म्हणतात. म्हणजे तो सगळा जड गोळा शेवटी बोटाएवढ्या टोकाच्या नेमावर अवलंबून असतो. क्लच प्लेट मध्यावर नसेल तर तो शिरत नाही. मिस्त्री लोकांची युक्ती अशी: जुन्या गिअरबॉक्समधून निघालेला शाफ्ट, खाचा जुळत असतील तर, प्लेटमधून घालून तो पायलटमध्ये टेकवायचा आणि मगच प्रेशर प्लेटचे बोल्ट आवळायचे. प्लेट आपोआप मध्यावर येते. दुसरी युक्ती, दोन लांब बोल्टांची डोकी कापून त्यांना वरच्या भोकांत स्टडसारखं बसवायचं. गिअरबॉक्स त्यांच्यावरून सरकत जागेवर जातो. आणि राहिलेली बोटभर फट बोल्ट आवळून कधीही मिटवायची नाही. तिथे हाउसिंगचा कान तुटतो किंवा प्लेटचं मधलं हब वाकतं. फट राहिली आहे म्हणजे काहीतरी चुकलं आहे. मागे घ्या आणि पाहा.

दोन गाड्यांचे अवयव जोडायचे म्हटल्यावर काही मापं जुळत नाहीतच. इंजिनाला बसणारी बेल हाउसिंग कोणती, हे गिअरबॉक्स विकत घेण्याआधी पाहायचं. नव्या गिअरबॉक्सची लांबी वेगळी असेल तर एक प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि दुसरा लांब, आणि हे काम अंगणात होत नाही. लेथवर कापून, वेल्ड करून, बॅलन्स करून घ्यावं लागतं. नाहीतर ६० च्या पुढे सगळी गाडी थरथरते. आडवा मेंबर सरकवावा लागतो, फरशीचा पत्रा थोडा कापावा लागतो, दांडा सीटशी भिडतो. फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला टू-व्हील ड्राइव्ह बोलेरोचा गिअरबॉक्स घेणारे हौशी लोकही असतात. त्याच्या शेपटीला ट्रान्स्फर केस बसायची सोयच नसते, हे त्यांना घरी आल्यावर कळतं. स्पीडोमीटरचा छोटा गिअरही तपासा, नाहीतर काटा ८० दाखवेल आणि गाडी ७० ने जात असेल.

उघडलंच आहे तर क्लचचं रिलीज बेअरिंग, पायलट बुश आणि ऑइल सील नवे घाला. दोन-चारशे वाचवायला गेलं की पुन्हा सगळं उतरवण्याची वेळ येते. तेल निवडताना ‘जास्त भारी’ म्हणून जीएल-५ ओतायचा मोह होतो. ते डिफरन्शियलसाठी ठीक. त्यातली गंधकयुक्त रसायनं पितळेच्या सिंक्रो रिंगांना खाऊ शकतात, म्हणून पितळी रिंगांच्या गिअरबॉक्सला उत्पादकाने सांगितलेलंच तेल घालायचं, बहुतेक वेळा जीएल-४. काही शे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा पुन्हा तपासायचे.

राहिला कायदा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये हा मुद्दा कडकपणे मांडला आहे. इंजिन, चासी किंवा बॉडीला हात लागत असेल तर प्रश्न आणखी गंभीर, आणि विमा कंपनीही दाव्याच्या वेळी हेच विचारते. पंचवटीकरांना त्यासाठी लांब जायचं नाही. नाशिकचं आरटीओ कार्यालय पेठ रोडवरच आहे. एनजीटीचा सौदा करण्याआधी आरसी बुक घेऊन तिथे जा आणि काय चालेल, काय चालणार नाही, ते लेखी विचारून घ्या.