शिट्ट्या किती झाल्या गं?

हात भाकरीच्या पिठात, शेगडीवर दूध, आणि कुकरची ही दुसरी शिट्टी की तिसरी यावर सासू-सुनेचं एकमत नाही. अशा वेळी नुसतं ओरडल्यावर फोन काम करणार असेल, तर आमच्या नायगावात तरी कुणाला नको आहे?

स्वयंपाकघरात संगणक घुसवायची हौस जुनी. 1969 साली अमेरिकेत हनीवेलचा ‘किचन कॉम्प्युटर’ नीमन मार्कस या दुकानाच्या कॅटलॉगात झळकला. किंमत 10,600 डॉलर! बोलणं सोडाच, त्याला साधा कीबोर्डही नव्हता. खटके दाबून 0 आणि 1 मध्ये विचारायचं, उत्तर लुकलुकत्या दिव्यांत वाचायचं. ते शिकायला दोन आठवड्यांचा वर्ग. एकही विकला गेल्याची नोंद नाही. बरोबरच आहे, तेवढ्यात आमच्याकडे वर्षाचा काळा मसाला कुटून होतो.

बोलून काम करणारी यंत्रं आली ती अलीकडे. ॲमेझॉनची अलेक्सा, म्हणजे डब्यातून बोलणारी मदतनीस, भारतात आली 2017 मध्ये, इंग्रजी बोलत. हिंदीसाठी तिला 2019 उजाडलं. गूगल असिस्टंट मात्र 2018 लाच मराठी बोलू लागला, तोही हातातल्या फोनवर. वेगळा डबा घ्यायची गरज नाही.

घोडं अडतं मोजमापाशी. यंत्राला मिनिटं कळतात, आपलं तुरीचं वरण शिजतं शिट्ट्यांवर. कमलाबाई ओगल्यांनी 1970 मध्ये ‘रुचिरा’ या पाककृतींच्या पुस्तकात वाटी-चमच्यानं मापं दिली, ती घरोघरी रुळली. यंत्रालाही कधीतरी शिट्टी मोजायला शिकवा की!

बोलीचा गोंधळ आणखी वेगळा. ‘काय करायलास?’ (म्हणजे ‘काय करतोयस?’) हे आमच्याकडचं बोलणं पुस्तकी मराठीवर वाढलेल्या यंत्राला पचेल का? ‘सुशीला कशी करायची’ विचारलं, तर ते मुरमुऱ्यांच्या त्या पदार्थाकडे वळेल की कुण्या बाईची चौकशी करील, यावर खुशाल पैज लावा. बेंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि गूगल यांनी ‘वाणी’ प्रकल्पात 773 जिल्ह्यांतली बोली गोळा करायचं ठरवलंय. आपला नंबर लागो.

तोवर साधं करा. शिट्ट्या झाल्या, गॅस बारीक केला, की ‘पाच मिनिटांचा टायमर लाव’ म्हणा. एवढं काम ही यंत्रं चोख करतात.

आणि डबा घेतलाच, तर आवाजी खरेदीला पिन लावा. जानेवारी 2017 मध्ये डॅलसच्या सहा वर्षांच्या मुलीनं अलेक्साशी गप्पा मारता मारता बाहुलीघर आणि बिस्किटं मागवली. ही बातमी टीव्हीवर सांगताना सॅन दिएगोच्या निवेदकानं तिचं वाक्य उच्चारलं, आणि काही प्रेक्षकांच्या घरचे डबेही बाहुलीघर मागवायला निघाले.