एकाच सर्व्हरवर दोन डेटाबेस कशासाठी?

सभासद मंडळी हल्ली वारंवार विचारतात: वाचनालयाची पुस्तकयादी आणि सभासद-नोंदणी दोन्ही आपल्या संकेतस्थळावरच आहेत, मग दोन्हींची माहिती वेगवेगळी का ठेवली आहे? संकेतस्थळाचे काम पाहणाऱ्यांपैकी एक या नात्याने खुलासा करतो.

आपला सर्व्हर म्हणजे भाड्याने घेतलेला, दूर कुठेतरी चालू असलेला एक संगणक. वाचनालयाचा प्रोग्रॅम जुना, तो मायएसक्यूएल ५.७ वर चालतो. या आवृत्तीला ऑक्टोबर २०२३ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणे बंद झाले. म्हणून नवी सभासद-नोंदणी आम्ही ८.४ वर सुरू केली. जुन्याला सरळ नव्यात का हलवले नाही? कारण वाचक-गटांच्या तक्त्याचे नाव 'ग्रुप्स' आहे आणि ८.० पासून तो शब्द डेटाबेसने स्वतःसाठी राखून ठेवला. नाव तेच ठेवले तर प्रोग्रॅमच्या चौकशा अडतात. शिवाय जुन्या पद्धतीचा पासवर्ड ८.४ मुद्दाम सांगितल्याशिवाय स्वीकारत नाही.

म्हणून सध्या दोन्ही चालू आहेत. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे असावीत तसे. चूल वेगळी, कोठी वेगळी, दारही वेगळे. कोठी म्हणजे माहितीची फोल्डर. ती दोघांनी चुकूनही एक वापरायची नाही. दार म्हणजे पोर्ट क्रमांक: जुन्याला नेहमीचा ३३०६, नव्याला ३३०७. प्रत्येकाला स्वतःची मेमरीही लागते, त्यामुळे भाड्याचे पॅकेज थोडे मोठे घ्यावे लागले. मागच्या सभेत खर्चावर प्रश्न आला होता, त्याचे कारण हे.

एक फसगत मात्र आमच्याकडूनच झाली. चाचणीच्या काही नोंदी नव्यात करायच्या होत्या, ३३०७ लिहिलेही होते, तरी त्या जुन्यात जाऊन बसल्या. पत्त्यात 'लोकलहोस्ट' लिहिले होते. लिनक्सवर मायएसक्यूएल हा शब्द दिसला की पोर्टकडे बघतच नाही, सॉकेट नावाच्या फाइलमधून आत शिरते, आणि ती फाइल जुन्याची होती. १२७.०.०.१ असा अंकी पत्ता लिहिल्यावर काम सुरळीत झाले. अर्धा दिवस गेला, नोंदी हाताने काढाव्या लागल्या.

खरी काळजी आहे ती मराठी अक्षरांची. ५.७ मध्ये काही वेगळे सांगितले नाही तर तक्ते 'लॅटिन१' या लिपीसंचात तयार होतात. आपली पुस्तकयादी तशीच भरली गेली आहे. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह, समजा 'म', तीन बाइट घेते. लॅटिन१ त्याला तीन वेगळी परकी अक्षरे समजते. जुना प्रोग्रॅम वाचताना तीच चूक उलटी करतो, म्हणून पडद्यावर सगळे ठीक दिसते. नव्यात नेताना हे लक्षात घेतले नाही, तर पुस्तकांची आणि लेखकांची नावे अगम्य चिन्हे होऊन बसतील. ५.७ मधली मूळ प्रत म्हणूनच आम्ही हात न लावता ठेवली आहे आणि हलवाहलव प्रतीवरच चालली आहे.

पहिली शंभर पुस्तके नव्यात आली आहेत. त्यांची छापील यादी वाचनालयाच्या टेबलावर ठेवली आहे. जोडाक्षरे, रफार आणि अनुस्वार नीट उतरले आहेत का, हे जुन्या नोंदवहीशी ताडून बघायला चार-पाच जण हवे आहेत. संगणक येण्याची गरज नाही, मराठी वाचता आले की पुरे.